कुलूपवाल्याचा मुलगा

मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी नुकताच इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षात आलो होतो. आजीने गल्लीभर सांगून ठेवलेलं, नातू लाईटीचा इंजिनिअर झाला म्हणून. त्यामुळे बॅग खाली ठेवायच्या आधीच शेजारचा मिक्सर, समोरच्यांची इस्त्री आणि एक आकाशकंदील असे तीन पेशंट ओट्यावर हजर. मिक्सर आणि इस्त्री मी तशीच परत पाठवली. कंदील मात्र लागला. होल्डरमध्ये बल्ब नीट बसला नव्हता, एवढंच. पण माझी कॉलर ताठ झाली, आणि पुढच्या फजितीचं मूळ तिथेच आहे.

आमचं घर जुनं. पुढच्या दोन खोल्या आजोबांच्या काळातल्या, लाकडी पट्टीवर ॲल्युमिनियमची वायर. मागचं स्वयंपाकघर आणि बाथरूम नंतर वाढवलेलं, तिथे तांब्याची वायर. बाथरूममध्ये दोन हजार वॅटचा गीझर आणि एक जुना पिवळा बल्ब. त्या दिवाळीत गीझर लावला की तो बल्ब मलूल व्हायचा, मधेच डोळा मारायचा. बाबा म्हणाले, वरूनच लाईट कमी येते. मीही मान डोलावली, सणासुदीचा लोड असणार म्हणून. आजी मात्र तीन दिवस म्हणत होती की घरात काहीतरी करपल्याचा वास येतोय. तिचा पलंग मधल्या बोळात, माळ्याच्या खाली. आम्ही सगळ्यांनी तिला समजावलं की तो फटाक्यांचा वास आहे. सगळ्यात जोरात मी समजावलं.

नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला गीझर लावला आणि पाच मिनिटांत मागची सगळी लाईन बंद. पुढच्या खोल्यांत लाईट आहे, मागे नाही. एमसीबी जागच्या जागी, पडलेली नाही. मी टेस्टर घेतला आणि स्वयंपाकघराच्या सॉकेटच्या दोन्ही भोकांत घालून पाहिला. दोन्हीकडे टेस्टर पेटला! मी जाहीर करून टाकलं की न्यूट्रलमध्ये फेज शिरलाय, दोन वायरी कुठेतरी चिकटल्यात. तसं असतं तर एमसीबी कधीच पडली असती, हे तिसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरला सुचलं नाही. सॉकेटचं झाकण काढलं आणि काळी वायर सोडवायला हात घातला. न्यूट्रल म्हणजे थंड वायर, तिला काय भ्यायचं!

तेवढ्यात गल्लीतले वायरमन काका दारात आले. बाबांनी मला न सांगता त्यांना फोन केला होता. काकांनी जे शब्द वापरले ते इथे छापता येणार नाहीत, पण माझा हात मागे आला. काका आयटीआय झालेले, वय साठीच्या आसपास. आधी त्यांनी माझ्याकडून टेस्टर घेतला, पुढच्या खोलीतल्या चालू सॉकेटमध्ये घालून तो पेटतो का ते बघितलं, मग मागे वापरला आणि परत पुढे जाऊन तपासला. आधी मापाची खात्री, मग माप. नंतर त्यांनी मला गीझरचं आणि बल्बचं बटण बंद करायला लावलं. आता टेस्टर एकाच भोकात पेटला. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. न्यूट्रल वाटेत तुटलेला होता. फेज गीझरच्या कॉइलमधून पलीकडे जाऊन, परत जायला वाट नाही म्हणून काळ्या वायरवर येऊन थांबला होता. म्हणजे मी ज्या थंड वायरला हात घालत होतो, तिच्यावर २३० व्होल्ट होते आणि मी ओल्या फरशीवर अनवाणी उभा होतो.

पुढचं काम दहा मिनिटांचं. होल्डरला दोन लांब वायरी जोडलेला टेस्ट लॅम्प काकांनी मागच्या फेज-न्यूट्रलमध्ये लावला. नाही लागला. मग एक टोक मागच्या फेजला आणि दुसरं लांब वायर ओढून मेन बोर्डातल्या न्यूट्रलला. लख्ख लागला. म्हणजे फेज ठीक, न्यूट्रल मेन बोर्ड आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये कुठेतरी गेलेला. मेन स्विच पाडून त्यांनी बरोबर मधला डबा उघडला. तो होता माळ्याखाली, आजीच्या उशाच्या वर. आत जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरला नवी तांब्याची वायर नुसती पीळ मारून जोडलेली. टेप जळून कोळसा झालेली, लाकडी पट्टी वीतभर काळी. वर माळ्यावर माझ्या दहावी-बारावीच्या रद्दीचे गठ्ठे.

आजी काहीच बोलली नाही. तिने काकांना चहा दिला आणि मला अभ्यंगासाठी चुलीवरचं पाणी.

सुट्टी संपवून होस्टेलला परत आलो तरी तो काळा डबा डोळ्यांसमोरून हलेना. दर व्हायवाला मी ओहमचा नियम घडाघडा म्हटला आहे. मग घरातलं एवढं साधं सर्किट मला का कळलं नाही? त्या तिरीमिरीत लायब्ररीत जाऊन ह्या ओहम नावाच्या माणसाबद्दल हाताला लागेल ते वाचलं. वाचता वाचता जे सापडलं ते तुम्हाला सांगतो, कारण हा माणूस आपल्यातलाच निघाला.

जॉर्ज सायमन ओहम १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावात जन्मला. वडील योहान वोल्फगांग कुलुपं बनवणारे कारागीर, आई एका शिंप्याची मुलगी. सात भावंडांपैकी तीनच जगली: जॉर्ज, धाकटा मार्टिन आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. वडील कॉलेजात गेलेले नव्हते, पण गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, तत्त्वज्ञान स्वतःच्या हिमतीवर शिकले होते आणि मुलांना स्वतः शिकवत होते. दिवसभर कानस चालवायची आणि संध्याकाळी पोरांना गणित सांगायचं, असं ते घर. जॉर्ज पंधरा वर्षांचा असताना तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनी त्याची परीक्षा घेतली आणि ह्या घरातून बर्नुली बंधूंसारखी जोडी निघेल असा अभिप्राय दिला. बर्नुली म्हणजे तेच, ज्यांचं समीकरण आपल्याला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये रडवतं त्यांचं घराणं. मार्टिनही पुढे गणितज्ञ झाला.

१८०५ साली जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला. आणि मित्रांनो, पुढचं वाचून मला फार बरं वाटलं. पठ्ठ्याने अभ्यास सोडून नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स यांतच दिवस घालवले. आपल्याकडे कॅन्टीन आणि कॅरम असतं तसं. तीन सेमिस्टर हे चाललं. वडिलांना कळलं तेव्हा त्यांचा संताप झाला. स्वतःला जे शिक्षण मिळालं नाही ते हा पोरगा उधळतोय, हे त्यांना सहन होईना. नाव निघालं, आणि सप्टेंबर १८०६ मध्ये सतरा वर्षांच्या जॉर्जची रवानगी स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून झाली.

तिथे त्याला अभ्यासाची खरी भूक लागली. लांग्सडोर्फ दरम्यान हायडेलबर्गला गेले होते. जॉर्जने त्यांच्याकडे येऊन शिकायची इच्छा कळवली. त्यांनी सल्ला दिला की इकडे येऊ नकोस, ऑयलर, लाप्लास आणि लाक्रुआ यांचे ग्रंथ स्वतःच वाच. शाळा, मग न्यूशातेलला खासगी शिकवण्या आणि रात्री ऑयलर असं त्याने साडेचार वर्षं केलं. १८११ मध्ये तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉक्टरेट मिळवली. ज्यांची वर्षं गेलीत त्यांनी हे सहावं सातवं वाक्य पुन्हा वाचावं, असं मी सुचवीन.

डॉक्टरेट झाली म्हणून दिवस पालटले नाहीत. विद्यापीठात तीन सेमिस्टर शिकवलं, पण त्या पैशात पोट भरेना. १८१३ मध्ये बांबेर्गच्या एका सुमार शाळेत नोकरी घेतली. तीन वर्षांनी ती शाळाच बंद पडली आणि त्याला दुसऱ्या गर्दीच्या शाळेत ढकललं. त्या काळात त्याने भूमितीचं एक पाठ्यपुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाने नशीब थोडं उघडलं. १८१७ च्या सप्टेंबरात कोलोनच्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा मिळाली. ह्या शाळेत एक चांगली प्रयोगशाळा होती. ओहम तेव्हा २८ वर्षांचा.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवलं की तारेतून करंट गेला की शेजारची चुंबकसुई वळते. तोपर्यंत करंट मोजायचं धड साधनच नव्हतं. त्यावेळची स्थिती विचारात घ्या. अँपिअर, व्होल्ट, ओहम ही एककं नाहीत, ॲमीटर नाही, मल्टिमीटर नाही. तार जाड केली किंवा आखूड केली की परिणाम वाढतो, इतपत लोकांना दिसत होतं. नक्की किती, ह्याचं सूत्र कुणी छापलेलं नव्हतं. शाळेचे तास संपवून ओहम ह्या प्रश्नाला भिडला. आणि इथे कुलूपवाल्याच्या घरातलं बालपण कामी आलं. धातू कापणं, घासणं, तार सरळ करणं, नाजूक यंत्र जुळवणं हे त्याच्या हातात होतं. उपकरणं तो स्वतः तयार करी.

१८२५ साली त्याने पहिला लेख छापला, आणि त्यातलं सूत्र चुकलं. हो, ओहमचा पहिला नियम चुकीचा होता! तार लांबवत नेली की चुंबकावरचा परिणाम कसा घटतो, ह्यासाठी त्याने एक लॉगॅरिदमचं सूत्र दिलं होतं. चूक कशी झाली ते बघण्यासारखं आहे. तो रासायनिक बॅटरी वापरत होता. सर्किट जोडलं की त्या काळच्या बॅटरीचा जोर मिनिटामिनिटाला उतरायचा आणि तोडलं की थोडा परत यायचा. म्हणजे तार बदलल्यामुळे परिणाम कमी झाला की बॅटरीच दमली, हे वेगळं काढणं अवघड. मोजणारा मनापासून मोजतोय, पण ज्याच्या भरवशावर मोजतोय तेच डळमळीत. काकांनी माझ्या हातातला टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये का तपासला, ते मला इथे कळलं.

लेख छापणारे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्याला सुचवलं की बॅटरी सोड आणि सीबेकचा थर्मोकपल वापर. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की करंट वाहतो, हे सीबेकला थोड्याच वर्षांपूर्वी सापडलं होतं. ओहमने बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा वितळणाऱ्या बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून जोरही हलत नाही. वर बारीक पट्टीने टांगलेली चुंबकसुई. करंटने सुई वळली की पट्टीला उलटा पीळ देऊन ती जागेवर आणायची आणि किती पीळ द्यावा लागला ते लिहून ठेवायचं. हा त्याचा ॲमीटर.

मग सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या: २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच लांबीच्या. एकेक जोडायची, रीडिंग घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपल्या जर्नलमध्ये रीडिंग्ज कशी येतात ते आपल्याला ठाऊक आहे, त्याबद्दल जास्त बोलत नाही. १८२६ मध्ये ह्या रीडिंग्जमधून जे सूत्र निघालं ते असं: परिणाम = अ ÷ (ब + क्ष). इथे क्ष म्हणजे जोडलेल्या तारेची लांबी. अ हा स्रोताचा जोर, म्हणजे आजचं व्होल्टेज. आणि ब म्हणजे ती तार सोडून सर्किटमध्ये जे काही आहे त्या सगळ्याचा मिळून अडथळा. सांध्यांमधलं तापमान बदललं की अ बदलायचा, ब जवळजवळ तोच राहायचा. गेल्या वर्षीचं आपलं सूत्र बाजूला ठेवून ओहमने हे नवं छापलं.

आपण पाठ करतो ते व्ही बरोबर आय गुणिले आर हे ह्याचंच आटोपशीर रूप. पण मला मूळ रूप जास्त आवडलं, ते त्या ब मुळे. समोर दिसणाऱ्या तारेखेरीज सर्किटमध्ये न दिसणारं काहीतरी असतं आणि बेरजेत ते धरावंच लागतं. आमच्या माळ्याखालचा सांधा म्हणजे हाच ब.

कागदावर मांडून बघा. २००० वॅटच्या गीझरचा रोध २३० व्होल्टला सुमारे २६.५ ओहम, करंट ८.७ अँपिअर. आता वाटेत एक ढिला सांधा एक ओहमचा आला असं धरू. एकूण रोध २७.५, करंट ८.४ अँपिअर. म्हणजे करंट वाढला नाही, उलट थोडा घटला. १६ अँपिअरची एमसीबी पडणार कशाला? तिच्या दृष्टीने घरात सगळं आबादीआबाद आहे. बल्बला आठेक व्होल्ट कमी मिळतात, तो जरासा मलूल होतो. पण त्या सांध्यात करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे ७० वॅट उष्णता तयार होते. आपल्या लॅबमधली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. तिच्या जवळजवळ तिप्पट उष्णता सोयाबीनच्या दाण्याएवढ्या जागेत, लाकडी पट्टीवर, टेपमध्ये गुंडाळलेली. ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर चढतो आणि तो करंट नीट जाऊ देत नाही. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम आणि तांबं सारखं फुगत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी सांधा अजून सैल होतो. सैल झाला की रोध वाढतो, रोध वाढला की जास्त तापतो. शेवटी जळून तुटतो, आणि तुटला नाही तर पेटवतो. आमचा तुटला. त्यात माझ्या हुशारीचा काही वाटा नाही.

परत ओहमकडे येऊ. आता आपली कदर होईल, एखाद्या विद्यापीठात जागा मिळेल अशी त्याला आशा होती. १८२६ मध्ये अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा काढून तो बर्लिनला मार्टिनकडे राहिला आणि पुस्तक लिहिलं. १८२७ मध्ये ते बाहेर पडलं. विजेच्या सर्किटचं गणिती विवेचन असा त्याचा विषय. फुरिअरने पाच वर्षांपूर्वी उष्णता धातूतून कशी वाहते ह्याचं गणित मांडलं होतं, ते ओहमला वाटाड्यासारखं उपयोगी पडलं. पण जर्मनीत प्रतिसाद थंड. काहींना इतकं गणित पचलं नाही. काहींच्या मते निसर्गाचं रहस्य चिंतनाने उलगडायचं असतं, तारा मोजून नाही. पुस्तकावर बोचरी टीकाही झाली.

१८२८ मध्ये त्याने कोलोनची नोकरी सोडली. पुढची पाचेक वर्षं बर्लिनमध्ये मिळतील ते तास घेऊन काढली. वय चाळिशीचं, लग्न केलेलं नाही, हातात जगातलं एक मूलभूत सूत्र आणि नोकरीचा पत्ता नाही. हा भाग वाचताना मी थांबलो. प्लेसमेंटच्या यादीत नाव न आलेल्या संध्याकाळी होस्टेलच्या गच्चीवर जे वाटतं, ते ह्या माणसाने पाच वर्षं सोसलं असणार.

१८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला प्राध्यापकपद मिळालं. विद्यापीठ नव्हे, तंत्रशिक्षणाची शाळा. पण तो तिथे मन लावून राहिला आणि १८३९ पासून तिचा प्रमुखही झाला. त्या न्यूरेंबर्गच्या तंत्रविद्यापीठाला आज ओहमचंच नाव आहे.

कदर झाली ती बाहेरून. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिलं. त्याच वर्षी त्याच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. १८४३ मध्ये व्हीटस्टनने रॉयल सोसायटीपुढे ह्या नियमाचं महत्त्व मांडलं. आपण लॅबमध्ये वापरतो तो व्हीटस्टन ब्रिज त्याच व्याख्यानातून गाजला. मुळात तो क्रिस्टी नावाच्या गणितज्ञाचा, १८३३ सालचा. तेव्हा तारायंत्राचं युग सुरू होत होतं आणि मैलोगणती तारांत करंट किती पोचेल हे ज्याला त्याला हवं होतं. पुढे समुद्राखाली केबल टाकल्या गेल्या. केबल तुटली तर समुद्राच्या तळाशी जाऊन कोण शोधणार? किनाऱ्यावर बसून तिचा रोध मोजायचा, मैलाला किती ओहम ते माहीत असतंच, त्यावरून बिघाड किती मैलांवर आहे ते काढायचं. घरच्या वायरिंगमधला फॉल्ट शोधायची विद्या ह्याच झाडाची फांदी आहे.

एक गंमत सांगायची राहिली. हाच नियम इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशला १७८१ च्या सुमारास, ओहमच्या जन्माआधीच, सापडला होता. त्याच्याकडे मीटर नव्हता म्हणून तो स्वतःच्या अंगातून शॉक घेऊन त्याची तीव्रता ताडायचा. त्याने ते छापलंच नाही. त्याच्या वह्या मॅक्सवेलने १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या. मीही ओल्या फरशीवर उभा राहून त्याच पद्धतीने माप घेणार होतो. ही पद्धत कृपया कुणी वापरू नये.

१८४९ मध्ये ओहमला म्युनिकला बोलावणं आलं आणि १८५२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, तिथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचं अध्यासन मिळालं. आयुष्यभर जे मागितलं ते मिळालं आणि दोनच वर्षं पुरलं. ६ जुलै १८५४ रोजी तो गेला. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ओहम हे नाव मान्य केलं. २० मे २०१९ पासून हे एकक निसर्गातल्या दोन स्थिरांकांच्या, प्लँकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार यांच्या, ठरवून दिलेल्या किमतींवर बांधलं गेलं आहे. कुलूपवाल्याच्या मुलाचं नाव आता कुठल्याही तारेच्या तुकड्यावर अवलंबून नाही.

आता आपल्या होस्टेलबद्दल. लपवलेले रॉड, किटल्या आणि एकात एक खोचलेले तीन तीन एक्स्टेन्शन बोर्ड मी पाहिलेत. माझाही एक होता, तो मी सुट्टीनंतर मोडीत काढला. प्लग हाताला गरम लागला, सॉकेट पिवळं पडलं, लोड टाकला की दिवा मिणमिणला, बोर्डातून चरचर ऐकू आली किंवा मासळीसारखा, करपट वास आला, तर तो सांधा तुम्हाला काहीतरी सांगतोय. एमसीबी पडली नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. गळती पकडणारी आरसीसीबी माणसाला वाचवते, पण असा सैल सांधा तिलाही कळत नाही. फ्यूज जाड करणं किंवा मोठी एमसीबी टाकणं हा तर इलाजच नव्हे, त्याने वायरचं संरक्षण तेवढं जातं. लोड काढा, मेन बंद करा आणि लायसनवाल्या वायरमनला बोलवा. ते येईपर्यंत काय चालू आहे, काय बंद आहे आणि कशाच्या नंतर बंद पडलं, एवढं कागदावर लिहून ठेवा. ओहमने आठ तारांनी जे केलं ते हेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायचं.

आमच्याकडे काकांनी भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांत मेन बोर्डापासून मागपर्यंत नवी तांब्याची वायर ओढली, अर्थिंग तपासलं आणि आरसीसीबी बसवली. मी शिडी धरली आणि हातात पक्कड देत राहिलो. दोन दिवसांत चार प्रॅक्टिकलचं शिकलो. माळ्यावरची रद्दी बाबांनी विकून टाकली.

निघताना आजीच्या पाया पडलो आणि वासाबद्दल चुकलो असं सांगितलं. ती म्हणाली की तिला वायरीतलं काही कळत नाही, नाक मात्र तिचं आहे. पुढच्या व्हायवाला सरांनी मला पुन्हा ओहमचा नियम विचारला. मी सांगितला, आणि तापमान कायम असताना हे शब्द पहिल्यांदाच अर्थ समजून उच्चारले. उकळतं पाणी, वितळणारा बर्फ आणि माळ्याखालचा तो काळा डबा, तिन्ही डोळ्यांपुढे होते.

तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी